वीज पडली नव्हती, न्यूट्रल सुटला होता : घरच्या स्टुडिओतला संगणक आणि विजेचा दाब

मागच्या जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर, एकोडीहून मावसभावाचा फोन आला. साकोली तालुक्यातल्या या गावात त्याने घराच्या मागच्या खोलीत छोटा स्टुडिओ मांडलाय. भिंतींना गोणपाट आणि जुन्या गाद्या, एक संगणक, एक ऑडिओ इंटरफेस, दोन माइक. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. त्याआधी नाटकवाल्यांची गाणी, जाहिराती करून देणं हा त्याचा धंदा. आणि मोकळ्या वेळात तो गावातल्या आज्यांकडून रोवणीची गाणी भरून घेतो. तो फोनवर म्हणाला,

"दादा, वीज पडली ना बाप्पा! काम्पुटर गेला, स्पीकर गेले, ती मोठी हार्डडिस्क बी गेली. अन् गाणे त्याच्यातच होते."

मी विद्युत अभियांत्रिकीत पीएचडी करतोय, विषय वीजपुरवठ्याची गुणवत्ता. म्हणजे नात्यात कोणाचंही काही जळलं की फोन मला. पण या वेळी गेलेली वस्तू बाजारात मिळणारी नव्हती. चार आज्यांची गाणी होती आणि त्यातली एक आजी उन्हाळ्यातच वारली होती.

हा लेख दोन गोष्टींसाठी लिहितोय. एक, घरच्या स्टुडिओतला (किंवा तुमच्या अभ्यासाच्या टेबलावरचा) संगणक विजेपासून कसा वाचवायचा. दुसरी, संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी जास्त महत्त्वाची: "वीज पडली" या वाक्यापासून खऱ्या कारणापर्यंत कसं पोचायचं. कारण चुकीचं धरलं की उपायही चुकतो. भाऊ त्याच दिवशी साकोलीला जाऊन नवा, महागडा स्पाइक गार्ड आणणार होता. तो आणला असता तर तोही आठ दिवसांत जळला असता.

आधी पुरावा, मग नाव

त्या संध्याकाळी आभाळ आलं होतं, लांबवर गडगडत होतं. म्हणून सगळ्यांनी वीज पडली असं धरलं. मी फोनवरच त्याला सांगितलं की काही साफ करू नको, फेकू नको, आणि झालं तसं क्रमाने सांग. त्याने सांगितलेलं मी वहीत असं उतरवलं :

१. स्वयंपाकघरात आजीच्या आंघोळीसाठी पाणी तापवायचा रॉड लावला.
२. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातला बल्ब मिणमिणायला लागला.
३. त्याच वेळी स्टुडिओतली एलईडी ट्यूब झगझगीत झाली, 'फट' आवाज आला, जळका वास सुटला.
४. मग स्वयंपाकघरातला बल्ब पूर्ण विझला. एमसीबी मात्र पडली नव्हती.
५. रॉड लावून पंधरा मिनिटं झाली तरी पाणी कोमटसुद्धा नाही.
६. शेजाऱ्यांकडे काही झालं नाही.
७. दुसऱ्या दिवशी सकाळी घरची पिठाची गिरणी नेहमीसारखी चालली.

आता तीन शक्यता मांडू. पहिली, वीज पडली. दुसरी, संगणकाचा पॉवर सप्लाय हलका होता, तो आपोआप गेला. तिसरी, घरातल्या वायरिंगचा न्यूट्रल सुटला.

प्रत्येक शक्यतेला विचारायचं: तू खरी असशील तर काय काय दिसायला हवं? विजेचा झटका काही मायक्रोसेकंदांचा असतो. त्याने बल्ब मिणमिणत नाही, आणि शेजारीही सहसा सुटत नाहीत. पॉवर सप्लाय एकटा गेला असता तर ट्यूब आणि स्पीकर कशाला जातील? राहिली तिसरी. ती सातही नोंदी समजावून सांगते. कसं ते बघू.

न्यूट्रल सुटला की नेमकं काय होतं

गिरणीमुळे या घरी थ्री फेज कनेक्शन आहे. गिरणीची मोटर तीनही फेजवर चालते. घराचं स्वयंपाकघर आणि पुढच्या खोल्या एका फेजवर, आणि नंतर बांधलेली स्टुडिओची खोली दुसऱ्या फेजवर. दोघांचा न्यूट्रल एकच, मीटरच्या पुढच्या बोर्डात एका पितळी पट्टीवर आवळलेला.

आपल्याकडे फेज आणि न्यूट्रलमधला दाब २३० व्होल्ट धरतात आणि दोन फेजमधला सुमारे ४०० व्होल्ट. न्यूट्रल जागेवर असतो तोवर प्रत्येक खोलीला आपापले २३० मिळतात, शेजारच्या खोलीत काय चालू आहे याचा फरक पडत नाही. पण घराकडे येणारा न्यूट्रलच सुटला, तर एका फेजवरून आलेला करंट परत जाणार कुठून? दुसऱ्या फेजवरून. म्हणजे स्वयंपाकघर आणि स्टुडिओ एकामागे एक, एकसरीत जोडले जातात आणि दोघांच्या मिळून टोकांना ४०० व्होल्ट लागतात.

ते ४०० वाटले कसे जातात? बारावीचंच गणित आहे. रॉड १५०० वॉटचा धरा. त्याचा रोध २३० चा वर्ग भागिले १५००, म्हणजे साधारण ३५ ओहम. स्टुडिओतलं सगळं मिळून २५० वॉट धरा, रोध साधारण २१२ ओहम. एकसरीत जोडलं की ज्याचा रोध जास्त त्याच्या वाट्याला दाब जास्त. स्टुडिओला ३४३ व्होल्ट, रॉडला ५७.

म्हणून पाणी तापलं नाही, म्हणून बल्ब मिणमिणला, आणि म्हणूनच ट्यूब झगझगली. ज्याने कमी वीज ओढली त्याला जास्त मार बसला. घरात सगळ्यात नाजूक आणि कमी वॉटचं काय असतं? इलेक्ट्रॉनिक्सच.

इथे एक बारकावा आहे, परीक्षेत कोणी विचारत नाही पण संशोधनात अडतो. संगणकाचा पॉवर सप्लाय हा साधा रोध नाही. दाब वाढला की तो करंट कमी ओढतो, कारण त्याला वॉट तेवढेच हवे असतात. म्हणजे दाब वाढेल तसा त्याचा 'रोध' वाढतो आणि वाट्याला आणखी दाब येतो. २५० वॉट स्थिर धरून गणित केलं तर स्टुडिओवर ३४३ नाही, साधारण ३७७ व्होल्ट येतात. साधं मॉडेल दिशा बरोबर दाखवतं, पण संकट कमी दाखवतं. तुमच्या विषयातलं सोपं मॉडेल कोणत्या बाजूला चुकतं हे माहीत असणं फार उपयोगी पडतं.

आता पॉवर सप्लायच्या आत बघा. आत येणारा एसी दाब आधी डीसी होऊन एका मोठ्या कपॅसिटरवर साठतो, तोही शिखराच्या दाबाला. २३० चं शिखर सुमारे ३२५. ३४३ चं शिखर ४८५. हा कपॅसिटर बहुतेक ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो. 'फट' आवाज त्याचा. स्टुडिओतली उपकरणं एकेक करून गेली आणि करंटचा परतीचा रस्ताच बंद झाला (रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा लावत नाहीत, नाहीतर पंख्यातून थोडा रस्ता उरला असता). म्हणून स्वयंपाकघरातला मिणमिणता बल्बही विझला. एमसीबी पडली नाही, कारण करंट दोन अँपिअरच्याही आत होता. एमसीबी जास्त करंट बघते, दाब बघत नाही. आणि गिरणीच्या मोटरला न्यूट्रल लागतच नाही, म्हणून ती मजेत चालली.

मोजल्याशिवाय खरं नाही

इतकं जुळलं तरी हा अजून अंदाजच होता. दुसऱ्या दिवशी गावातल्या अनुभवी वायरमनला बोलावलं. त्यांनी टेस्टर लावला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत दिवा पेटला. टेस्टर दोन्हीकडे पेटला म्हणजे न्यूट्रल तुटला, ही वायरमन लोकांची जुनी खूण, आणि तिच्यामागे वरचंच गणित आहे. मग त्यांनी रॉड चालू ठेवून स्टुडिओच्या रिकाम्या सॉकेटमध्ये मीटर धरला. चारशेच्या जवळ. मेन स्विच पाडून बोर्ड उघडला तर न्यूट्रल पट्टीतला येणारा स्क्रू ढिला, ॲल्युमिनियमची तार काळी पडलेली, बुडाचं प्लास्टिक वितळलेलं.

ॲल्युमिनियम तापलं की पितळापेक्षा जास्त फुगतं, थंड झालं की आकसतं. वर त्याच्यावर ऑक्साइडचा थर बसतो आणि तो वीज नीट वाहू देत नाही. सांधा ढिला, म्हणून तापतो. तापतो म्हणून आणखी ढिला. काही वर्षं तो असाच सरकत होता, त्या संध्याकाळी रॉडच्या साडेसहा अँपिअरने त्याचा शेवट केला. दोष आमच्याच घरातल्या बोर्डात होता. ना आभाळात, ना खांबावर.

(एक सूचना. हे मोजमाप वायरमनने केलं. मी पीएचडी करत असलो तरी चालू बोर्डात हात घातला नाही. तुम्हीही घालू नका.)

मग स्पाइक गार्डने का वाचवलं नाही?

भावाकडे स्पाइक गार्ड होता. तो उघडला तर आत निळ्या गोळीसारखा एक भाग जळून काळा झालेला. तो एमओव्ही, म्हणजे झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर. जपानमध्ये मात्सुशिता कंपनीत १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो घडला आणि आज जवळपास प्रत्येक स्पाइक गार्डमध्ये असतो. दाब ठरावीक मर्यादेत आहे तोवर तो वीज जाऊ देत नाही. मर्यादा ओलांडली की रस्ता मोकळा करतो आणि झटका स्वतःतून वळवतो.

पण तो झटक्यासाठी आहे, मुक्कामासाठी नाही. अशी उपकरणं ज्या प्रमाण लहरीवर तपासतात ती ८ मायक्रोसेकंदांत चढते आणि २० मध्ये निम्म्यावर येते. मधल्या आकाराच्या एमओव्हीची उष्णता पचवायची ताकद शंभर-दीडशे जूलची. म्हणजे त्याच्यात १०० वॉट उष्णता सतत सोडली तर तो दीड सेकंद टिकेल. न्यूट्रल सुटल्यावरचा दाब मिनिटभर राहतो, कधी तासभर. बादलीने गळकं छप्पर सांभाळता येतं, तलाव फुटला तर बादली काय करणार? आपल्या तलावांच्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको.

म्हणून शब्द नीट वापरूया. मायक्रोसेकंदांचा तो झटका: वीज कोसळणं, मोठी मोटर बंद होणं. सेकंद-मिनिटं टिकतो तो चढा दाब: न्यूट्रलचा दोष. दोन्हीला लोक 'व्होल्टेज वाढलं' म्हणतात, पण दोन्हीचे उपाय निराळे आहेत.

अर्थिंग : आवाजाचाही प्रश्न, जिवाचाही

तपासात आणखी एक गोष्ट सापडली. स्टुडिओच्या थ्री पिन सॉकेटमध्ये वरच्या मोठ्या भोकाला तारच नव्हती. भाऊ म्हणाला, "म्हणूनच माइकच्या जाळीले ओठ लागला का झिणझिण्या येत."

कारण असं. पॉवर सप्लायच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून संगणकाच्या पत्र्याला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा बारीक करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा मधल्या दाबावर, सुमारे ११५ व्होल्टवर तरंगतो. ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर असेल तर जास्तीत जास्त एक तृतीयांश मिलिअँपिअर करंट. माणूस त्याने मरत नाही, पण झिणझिण्या येतात, आणि तोच करंट माइकच्या तारेतून फिरून रेकॉर्डिंगमध्ये घूं घूं आवाज भरतो. स्टुडिओतले काही लोक ही घुमघुम घालवायला प्लगची अर्थ पिनच कापतात. कधीही करू नका. ती पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड ठेवली आहे, जिवाचं संरक्षण आधी जुळावं आणि शेवटी सुटावं म्हणून. घुमघुम घालवायची असेल तर सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या आणि बॅलन्स्ड तारा वापरा.

त्याहून वाईट जुगाड म्हणजे सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडणं. एरवी सगळं ठीक चालतं. पण ज्या दिवशी न्यूट्रल सुटेल त्या दिवशी संगणकाचा पत्रा, फ्रिजचं दार, कूलरची बॉडी सरळ फेजला लागेल. आमच्या घरी असा तुकडा असता तर त्या संध्याकाळी फक्त हार्डडिस्क गेली नसती.

आता काय केलं : आतून बाहेर नाही, बाहेरून आत

१. सांधे. न्यूट्रल पट्टी बदलली, तारेला योग्य लग दाबून बसवला, घट्ट आवळला. न्यूट्रलमध्ये कुठेही फ्यूज ठेवला नाही. जुन्या बोर्डांत न्यूट्रललाही किटकॅट फ्यूज दिसतो. तो उडाला की हाच प्रकार होतो. दर वर्षी पावसाळ्याआधी वायरमनकडून सगळे स्क्रू आवळून घ्यायचे.

२. अर्थिंग. नवा खड्डा, पाइप, आणि तिथून प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी तार. भारतीय मानक आयएस ३०४३ याच विषयावर आहे. उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी घालायला विसरू नका, कोरडी माती करंट घेत नाही. सोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. ती उपकरणासाठी नाही, माणसासाठी.

३. दाब बघून तोडणारं उपकरण. स्टुडिओच्या लाइनवर जास्त-कमी दाबाला पुरवठा तोडणारा रिले. न्यूट्रलच्या दोषावर खरा उपाय हाच. साध्या स्टॅबिलायझरवर भिस्त ठेवू नका. ज्यात जास्त दाबाला तोडण्याची सोय आहे तोच कामाचा.

४. सर्ज संरक्षक. मुख्य बोर्डात टाइप २ चा, टेबलाजवळ चांगला स्पाइक गार्ड. इथे तारेची लांबी फार महत्त्वाची. एक मीटर तारेचं इंडक्टन्स ढोबळमानाने एक मायक्रोहेन्री. ३००० अँपिअर ८ मायक्रोसेकंदांत चढले तर त्या एका मीटरवरच ३७५ व्होल्ट पडतात, आणि ते तुमच्या संगणकाच्या वाट्याला जमा होतात. म्हणून संरक्षकाच्या तारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवतात. आणि अर्थिंग नसेल तर जमिनीकडे वळवायला त्याच्याकडे रस्ताच नाही.

५. यूपीएस. लाइट गेली तर फाइल सेव्ह करायला वेळ मिळतो. चांगला पॉवर सप्लाय पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, विजेचं एक आवर्तन २० चं. घरच्या इन्व्हर्टरचा बदल यापेक्षा सावकाश असेल तर संगणक बंद पडतो.

६. प्लग काढणं. जवळ कोसळणाऱ्या विजेपुढे वरचं सगळं तोकडं आहे. पहिल्या कोसळण्यातला करंट साधारण ३० हजार अँपिअरच्या घरात असतो. गडगडाट जवळ येण्याआधीच प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. केबल, अँटेना, तांब्याची नेटची तारही काढायची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपास पडणाऱ्या विजा दाखवतं, ते फोनमध्ये असू द्या. आणि वीज अगदी डोक्यावर आली असेल तर प्लगला हात लावू नका. संगणकापेक्षा तुम्ही महत्त्वाचे.

आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात आधी

संगणकाचा मदरबोर्ड वाचला. नवा पॉवर सप्लाय टाकल्यावर तो सुरू झाला. हार्डडिस्कचं वेगळं अडॅप्टर मात्र आतून फुटलं आणि जाताना डिस्कचा सर्किट बोर्ड घेऊन गेलं. काही गाणी रेकॉर्डरच्या कार्डवर पुसायची राहिली होती, ती मिळाली. तीन आज्या पुन्हा गायला बसल्या, यंदा बांधीवर जाऊनच भरून घेतली. चौथ्या आजीचं जे कार्डवर होतं तेवढंच राहिलं: दीड गाणं.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया त्या लोकांसमोर आणते आहे, आवाजासकट. गाणाऱ्या कित्येक बाया आता नाहीत, तरी आवाज ऐकू येतो. कारण कोणीतरी नोंदी ठेवल्या आणि एका माध्यमातून दुसऱ्यात प्रती करत राहिलं.

नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. भाऊ आता दर रेकॉर्डिंगनंतर एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर ठेवतो, आणि कॉपी झाली की त्या डिस्कचा प्लग काढून ती कपाटात. तिसरी प्रत माझ्याकडे नागपूरला. तुमच्या प्रबंधाचा डेटा, मुलाखती, मोजमापं आज कुठे आहेत? एकाच लॅपटॉपमध्ये असतील तर हा लेख बंद करा आणि आधी प्रत काढा. मग घरच्या वायरमनला फोन करून विचारा, "न्यूट्रलचा स्क्रू शेवटचा कधी आवळला होता?"